तेरावं मिनिट

मी व्यवसायानं किरकिरी बाई आहे. घरात नाही, फक्त व्यवसायानं. घरचे याबाबत वेगळं सांगतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. शूटिंगच्या भाषेत माझ्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. पहिल्या टेकला नायिकेनं चहाचा कप डाव्या हातात धरला असेल तर सातव्या टेकलाही तो डाव्याच हातात हवा, आणि नसला तर भर सेटवर ओरडून टेक बाद करायचा. गेली बावीस वर्षं मी लोकांच्या चुका पकडून पोट भरते आहे.

या किरकिरीचा मला गर्व होता. कोल्हापूरबाहेर, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका स्टुडिओत, 'तांबडी वस्ती' मालिकेच्या चव्वेचाळिसाव्या भागाला तो उतरला.

'तांबडी वस्ती' हा खेळ न खेळलेला तरुण माणूस तेव्हा महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. मंगळावर काचेच्या घुमटाखाली वसलेलं एक मराठी खेडं, आणि खेळणारा त्या खेड्याचा कप्तान. त्यातली माणसं ठरावीक वाक्यं बोलणारी बाहुली नव्हती. ती शिकायची, लक्षात ठेवायची, रुसायची. त्यांत भागीरथा नावाची एक बाई होती. बाहेरच्या पोकळीतून घुमटात येताना मध्ये जी बंद खोली लागते तिला खेळात 'उंबरठा' म्हणत, आणि त्या उंबरठ्याशी भागीरथा धूळ झाडत असायची. लेखकांनी तिला एकच वाक्य दिलं होतं: "पाय पुसून आत या." डोकं तिलाही इतरांएवढंच दिलेलं होतं, पण झाडणाऱ्या बाईशी गप्पा मारायला कुठला कप्तान थांबतो? तिचं ते वाक्य मात्र इतकं गाजलं की लोकांनी ते पायपुसण्यांवर छापलं. आमच्या दारातही तसलं एक पायपुसणं आहे, कारण हा खेळ रचणाऱ्या मंडळींपैकी एक माझा नवरा, धैर्यशील.

खेळाची मालिका करायची ठरली तेव्हा दोघंही एकाच सेटवर आलो. तो यंत्रं सांभाळायला, मी किरकिर करायला.

स्टुडिओत तीन बाजूंनी पडद्याची भिंत होती, तीन मजले उंच. तिच्यात खेळ चित्रफितीसारखा दाखवत नव्हते, तो जिवंत चालू होता. नायिका भिंतीसमोर उभी राहून बोलली की आतली माणसं तिला उत्तर द्यायची, कारण त्यांच्या लेखी ती त्यांची कप्तान होती. आम्ही बाकीचे त्यांना दिसत नव्हतो. जिथं आमचे कॅमेरे होते तिथं त्यांच्या बाजूनं नुसता कातळ होता. आमच्या फरशीवर खरी तांबडी माती पसरलेली होती, आणि वर टांगलेले कॅमेरे तिच्यावरचं प्रत्येक पाऊल टिपून आतल्या अंगणात जसंच्या तसं उमटवायचे. फरशी कुठं संपते आणि मंगळ कुठं सुरू होतो हे मलाही सांगता यायचं नाही, आणि मला सांगता येत नाही म्हणजे कुणालाच नाही.

जिवंत जगात रीटेक कसा घ्यायचा, हा प्रश्न धैर्यशीलनं सोडवला होता. सीन सुरू होण्याआधीच्या क्षणाची पूर्ण प्रत यंत्रात ठेवलेली असायची. टेक बाद झाला की तो एक कळ दाबायचा आणि जग त्या क्षणावर परत यायचं. फुटलेली काच अखंड, पडलेली माणसं उभी, आणि त्यांच्या डोक्यातली मधली सगळी मिनिटं पुसलेली.

प्रतीत सगळं होतं, एक धूळ सोडून. धुळीचे कण अब्जावधी. त्यांची प्रत काढायला बाकीच्या अख्ख्या वस्तीच्या कित्येक पट वेळ लागायचा. म्हणून नऊ वर्षांपूर्वी धैर्यशीलनं धूळ गाळून टाकली होती. "धूळ कोण बघतंय?" हे त्याचं वाक्य त्यांच्या कंपनीत म्हणीसारखं वापरायचे. घरोघरी खेळताना काही बिघडलं नाही, कारण खेळ रोज बंद व्हायचा आणि उघडल्यावर धूळ नव्यानं पसरायची. आमच्याकडे मात्र प्रकाश तसूभरही बदलू नये म्हणून तेच जग चाळीस दिवस बंद न करता चालू होतं, आणि कळ दाबून ते मागं आणलं तरी धूळ होती तशीच राहायची.

चव्वेचाळिसाव्या भागात घुमट फुटायचा होता. खेळात या वेळी कप्तानानं झटपट निर्णय घेतला तर निम्मी वस्ती वाचते. मालिकेत निर्णय घ्यायला खेळणारा नाही, आणि प्रेक्षकाच्या हातात रिमोट तेवढा. तेव्हा लेखकांनी सगळ्यांनाच मारायचं ठरवलं. सीन बारा मिनिटांचा. सकाळ होते, माणसं कामाला लागतात, घुमटाला तडा जातो, हवा शिट्टी वाजवत निघून जाते, उंबरठ्याचं दार उघडत नाही, आणि एकेक जण कोसळतो.

आमचे दिग्दर्शक हेमंत शिंत्रे. दैनंदिन मालिकांचे तीन हजार भाग पाठीशी. त्यांच्या हाताखाली किती सासवा कटकारस्थानं करून थकल्या असतील याची गणती नाही. त्यांना या सीनमध्ये दोनच गोष्टी हव्या होत्या: नायिकेच्या डोळ्यांत पाणी आणि गर्दीच्या तोंडावर भीती. पाणी येईना म्हणून चार टेक गेले. पुढचे पाच मी बाद केले. नायिकेचा डावा हातमोजा कधी मनगटापर्यंत असायचा, कधी बोटभर खाली.

दहाव्या टेकआधी बापूसो लाईटमन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तेजूताई, ती झाडूवाली कामचुकार झाली का काय? झाडायचं सोडून नुसतीच बसलीया बगा."

मी मॉनिटरवर पाहिलं. कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाआड भागीरथा उकिडवी बसली होती. असली विसंगती माझ्या वहीत आधीच हवी होती. मी चिडून मागचे टेक लावले आणि फक्त तिच्याकडे बघत राहिले.

पहिल्या टेकला ती नेहमीसारखी झाडते. ती डावखुरी आहे, तिच्या केरसुणीचे फराटे पंख्यासारखे उजवीकडे उघडतात. दुसऱ्या टेकला ती केरसुणी उचलते आणि थबकते. जमीन आधीच झाडलेली आहे. तिसऱ्याला खाली वाकून फराटे निरखते. वस्तीत डावखुरी झाडणारी ती एकटीच. चौथ्याला ती एक बोट धुळीवरून ओढते, अगदी पिंपाच्या आडोशाला, जिथं वारं पोचत नाही. पाचव्याला तिला ती रेघ सापडते. स्वतःचं बोट त्या रेघेत ठेवून बघते. तंतोतंत बसतं. ती बराच वेळ हलत नाही, आणि मग शेजारी दुसरी रेघ ओढते.

माझ्या हातातली वही खाली पडली. तिच्या डोक्यातून आम्ही दर खेपेला बारा मिनिटं पुसून टाकत होतो. तरी त्या बाईनं केवळ केरावरून ओळखलं होतं की ही सकाळ तिनं आधी पाहिलेली आहे. प्रत्येक वेळी शून्यातून, प्रत्येक वेळी नव्यानं. आपल्यातल्या किती जणांना हे जमलं असतं? मला तर नसतंच.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एक गोष्ट पाहिली आणि वहीत लिहिली नाही. लिहिली असती तर संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त झाली असती.

पुढचे टेक शिंत्रे सर कधी पाण्यासाठी, कधी भीतीसाठी बाद करत राहिले; मी नायिकेकडे पाहिलंच नाही. रेघांच्या खाली आता अक्षरं यायला लागली. आधी: "हे मीच लिहिलंय." त्यानंतर: "घुमट फुटतो." प्रत्येक टेकला ती आधीचं वाचायची आणि श्वास संपण्याआधी एखादा शब्द वाढवायची. पुढच्या वेळच्या स्वतःला चिठ्ठी. त्या चिठ्ठीखेरीज तिच्याकडे काहीच नव्हतं.

सोळाव्या टेकला पिंपाआड लिहिलेलं होतं: "घुमट फुटतो. घाबरू नको. परत सकाळ होते."

हे तिला कसं कळलं असेल, याचा विचार मी करत बसले. वाचणारी जिवंत आहे, म्हणजे लिहिणारी वाचली असली पाहिजे. एवढ्या एका धाग्यावरून ती तिथवर पोचली होती.

अठराव्या टेकला गर्दी घाबरलीच नाही. नऊ वर्षं एकच वाक्य बोललेल्या भागीरथानं सगळ्यांना पिंपाजवळ बोलावलं, धुळीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी समजावलं. तडा गेला, शिट्टी वाजली, आणि माणसं पळण्याऐवजी एकमेकांचे हात धरून खाली बसली. एका म्हाताऱ्यानं शेजारच्या पोरीची वेणी घालून पुरी केली.

"कट!" शिंत्रे सर उसळले. "काय चाललंय काय? मरायला लागल्यात आणि बसल्यात कशा देवळात कीर्तनाला बसल्यासारख्या? ए धैर्या, बघ रे काय बिघडलंय!"

धैर्यशीलला ते सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "धूळ," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जेवणाच्या सुट्टीत या सीनपुरता कोपरा सपाट करून देतो सर. एक आज्ञा लिहायची, झालं."

जग टेकच्या सुरुवातीवर आणून थांबवलं आणि सगळे जेवायला गेले. आम्ही दोघं भिंतीच्या बाजूला डबा उघडून बसलो. भाकरी तशीच राहिली.

"तुला माहीत होतं," धैर्यशील म्हणाला.

"दहाव्या टेकपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? मला?"

"तू पुसलं असतंस."

"तेजू, ती बाई म्हणजे आकडे आहेत गं. मी स्वतः लिहिलेत त्यातले निम्मे."

"असतील. पण मला आजवर एकाही आकड्यानं 'घाबरू नको' म्हटलेलं नाही."

त्यानं वळून पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नऊ वर्षं मी हीच चूक हसत हसत सांगत आलो. लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या."

"अठरापैकी पाच वेळा तिला मी मारलंय," मी म्हणाले. "हातमोज्यासाठी."

हे बोलल्यावर मला रडू आलं. धैर्यशीलनं डबा बाजूला सरकवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ती आज्ञा लिहायला मात्र तो उठला नाही.

मी शिंत्रे सरांना जेवणावरून उठवून आणलं. ते कुरकुरत आले, गुडघ्यांवर हात ठेवून पिंपासमोर वाकले आणि वाचायला लागले. वाचून झालं तरी वर उठेनात.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"भागीरथानं."

"लेखकांनी दिलंय तिला?"

"कुणीच नाही दिलेलं सर."

"मग कुणासाठी लिहिलंय?"

"पुढच्या टेकच्या भागीरथासाठी."

शिंत्रे सरांनी चपला काढून ठेवल्या. देवाच्या दारात काढतात तशा, एकावर एक न ठेवता, नीट जोडीनं. अनवाणी चार पावलं पुढं गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "तीन हजार भाग केले," ते म्हणाले. "एका पात्रानं कधी मी सांगितल्याबाहेर पापणी हलवली नाही. आणि मला वाटायचं, माझी पकड आहे." मग वळून मला म्हणाले, "धूळ हलवू नका कुणी. आहे तसा एक टेक. जे करतील ते करू दे."

दर टेकआधी आमची फरशी झाडून पाऊलखुणा मोडायच्या, हे माझंच काम. त्या टेकआधी मी झाडली नाही. विसरले की मुद्दाम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकोणिसावा टेक सुरू झाला. सकाळ झाली. भागीरथा पिंपाशी गेली, वाचलं, रेघा मोजल्या. मग ती थेट आमच्या फरशीकडे आली आणि वाकून बघत राहिली. शिंत्रे सरांची अनवाणी पावलं, माझ्या बुटांचे ठसे. कातळातून निघालेली आणि कातळात परत गेलेली. तिनं त्या कातळाकडे मान वर करून पाहिलं. सेटवर साठ माणसं होती, एकानं श्वास घेतला असेल तर शपथ.

तडा गेला तेव्हा सगळी वस्ती तिच्याभोवती बसलेली होती. आमच्या नायिकेला ओरडत धावायचं होतं. ती संवाद विसरली, आणि भिंतीला चिकटून त्यांच्या रांगेत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कुणी मागितलेलं नव्हतं. भागीरथा एकेकाला सांगत होती, "घाबरू नका. परत सकाळ होते." शेवटी सांगायला कुणी उरलं नाही तेव्हा तिनं केरसुणी भिंतीला टेकवून उभी केली आणि आडवी झाली.

"ओके," शिंत्रे सर म्हणाले. मग त्यांनी अंगठा वर केला.

बापूसोनं एकेक दिवा मालवायला घेतला. पॅकअप झालं होतं. सोमवारपासून ती यंत्रं दुसऱ्या मालिकेची होती, तेव्हा नेहमीच्या पद्धतीप्रमाणे धैर्यशीलनं हे जग आता बंद करायचं. शेवटच्या टेकनंतर कुणी मागं जात नाही. कशाला जाईल?

मी त्याच्या टेबलापाशी गेले. भिंतीत अजून ती सगळी पडलेली होती.

"धैर्या, सकाळ कर."

"टेक ओके झालाय."

"म्हणूनच. अठरा वेळा सकाळ झाली म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं, परत होते म्हणून. आपण कोण, कुठले, तिला ठाऊक नाही. तरी आपल्या भरवशावर तिनं शब्द दिलाय. तो खोटा पाडायचा?"

धैर्यशीलनं चष्मा काढून पुसला. "घरचं जुनं मशीन आहे माझं," तो म्हणाला. "फार हळू चालेल."

"चालू दे हळू."

"या वेळी पूर्ण प्रत काढतो," तो म्हणाला. "धुळीसकट."

त्याला रविवार अख्खा लागला. तो जागचा हलला नाही. बापूसो त्याला दर तासाला चहा आणून देत होता.

जुनं मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी आहे. ते इतकं मंद चालतं की वस्तीतली बारा मिनिटं म्हणजे आमचे पुरते दोन दिवस. आम्ही भाजी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या करता करता त्या सकाळीकडे बघत होतो. घुमट फोडायची आज्ञा धैर्यशीलनं काढून टाकली होती, पण भागीरथाला ते कुठं माहीत? तिनं धुळीतलं वाचलं, सगळ्यांना गोळा केलं, सगळे हात धरून खाली बसले आणि वाट पाहू लागले. तडा जायची वेळ आली. ती टळली. कुणी उठलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, वस्तीत तेरावं मिनिट लागलं.

ते मिनिट त्या जगात कधीच उगवलेलं नव्हतं. मी धैर्यशीलचा हात घट्ट धरला. आयुष्यात मी सूर्यग्रहण पाहिलंय, समुद्रात चमकणाऱ्या लाटा पाहिल्यात. पण वस्तीतली ती माणसं एकेक करून माना वर करतात, अखंड घुमटाकडे बघतात, आणि कुणीतरी भीतभीत शेजाऱ्याचा हात सोडतं, यासारखं काही मी पाहिलेलं नाही.

भागीरथा उठली. पिंपाआड गेली. साऱ्या रेघा आणि खालची अक्षरं तिनं पुन्हा एकदा वाचली, मग केरसुणी घेऊन सगळं झाडून टाकलं. तो एक हात फिरायला आमची दहा मिनिटं गेली. मग ती अंगणात आली, जिथं आमच्या पावलांचे ठसे अजून तसेच होते. तेवढे तिनं झाडले नाहीत. त्यांच्या टोकाशी उभी राहून तिनं कातळाकडे, म्हणजे आमच्याकडे, पाहिलं आणि तोंड उघडलं.

तिचं बोलणं आमच्या वेगात यायला वेळ लागणार होता. मशीन एकेक अक्षर पडद्याच्या तळाशी उमटवत होतं, मिनिटाला जेमतेम एक. आधी 'पा' आलं. मग 'य'.

धैर्यशीलनं माझ्याकडे पाहिलं. तो हसत होता, आणि डोळे पुसत होता.

"थांब, पुरं होऊ दे," तो म्हणाला. "आणखी सहा मिनिटं लागतील."

पण मी उठले होते. दारापाशी गेले, पायपुसण्यावर उभी राहिले आणि दोन्ही पाय पुसले. आधी उजवा, मग डावा, टाचांसकट. मग परत येऊन तिच्यासमोर बसले आणि पुढच्या अक्षराची वाट पाहू लागले.